टोपी काढून बघा, डॉक्टर

वयस्कर रुग्ण तपासणाऱ्या सर्व फॅमिली डॉक्टरांस,

सप्रेम नमस्कार.

मी परिचारिका आहे. गेली २६ वर्षं जखमा धुवायचं आणि बांधायचं काम करते. मधुमेहाने चिघळलेले पाय, पडून राहून पाठीला पडलेले व्रण, भाजलेली कातडी, उसवलेले टाके, सगळं हाताखालून गेलं आहे. जखम भरायला लागली आहे की नुसती तग धरून आहे, हे तिच्या कडा पाहून मला सांगता येतं. असं असूनही माझ्या वडिलांच्या कानावर १४ महिने एक जखम होती आणि ती कसली आहे हे मला ओळखता आलं नाही. त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांनाही आलं नाही. त्या डॉक्टरांना दोष द्यायला मी हे लिहीत नाही. त्यांच्या जागी तुमच्यापैकी दुसरं कुणी असतं तरी बहुधा हेच झालं असतं, आणि म्हणूनच हे पत्र एकाला न लिहिता तुम्हा सगळ्यांना लिहिते आहे.

वडील रस्त्यांच्या कामावर मुकादम होते. ३४ वर्षं उन्हात उभे राहून त्यांनी माणसांकडून काम करून घेतलं. निवृत्त झाल्यावर मात्र घरात बसून वाचायचं, संध्याकाळी सावली पडल्यावर फिरायला जायचं, असा त्यांचा दिनक्रम झाला. वयाच्या ७६व्या वर्षी उजव्या कानाच्या वरच्या कडेला एक बारीकशी खपली धरली. ती निघायची, थेंबभर रक्त यायचं, पुन्हा धरायची. चष्म्याची काडी घासते म्हणून असं होतंय, हे त्यांनीच ठरवून टाकलं आणि मलाही ते पटलं.

दर तीन महिन्यांनी ते तपासणीला जात. रक्तदाब, साखर, छाती, पायावरची सूज, सगळं नीट पाहिलं जाई. कानाचं सांगितल्यावर पहिल्या वेळी जंतूंवरचं मलम मिळालं, दुसऱ्या वेळी बुरशीवरचं, तिसऱ्या वेळी स्टेरॉइडचं. स्टेरॉइडने लाली ओसरली. बरं होतंय असं आम्हा सगळ्यांना वाटलं. खरं तर वरचा दाह तेवढा कमी झाला होता, खाली जे वाढत होतं ते वाढतच होतं. चौथ्या वेळी वडिलांनी टोपी काढलीच नाही. एवढ्याशा खपलीसाठी डॉक्टरांचा किती वेळ घ्यायचा, असं ते मला नंतर म्हणाले. डॉक्टरांनीही टोपी काढायला सांगितलं नाही.

पुढे एकदा दाढी करताना जबड्याखाली, मानेच्या बाजूला, त्यांच्या हाताला गाठ लागली. तेव्हा कुठे कानाचा तुकडा तपासायला गेला. अहवालात लिहिलं होतं, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेचा एक कॅन्सर. कानाचा वरचा अर्धा भाग काढावा लागला, मानेतल्या ग्रंथी काढाव्या लागल्या, त्यानंतर सहा आठवडे किरणोपचार झाले. वडील वाचले. पण उजव्या बाजूला चष्मा टेकवायला आता त्यांना कान नाही. काड्यांना दोरी लावून ती डोक्यामागे बांधतात, तेव्हा कुठे वाचता येतं.

अहवाल हातात आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "पण मी तर अठरा वर्षं उन्हात गेलेलोच नाही."

या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला माहीत आहे. शिकताना तुम्ही ते वाचलेलंच असणार. पण समोर रक्तदाबाचा, गुडघ्याचा, झोपेचा रुग्ण बसलेला असतो तेव्हा ते आठवत नाही, म्हणून पुन्हा मांडते. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्वचेच्या पेशीतला डीएनए बिघडतो. साखळीतले शेजारशेजारचे दोन घटक एकमेकांना चिकटतात. पेशी तो बिघडलेला तुकडा कापून काढते आणि जागेवर नवा बसवते. डीएनएच्या दुरुस्तीवरच्या कामासाठी २०१५चं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं, त्यांतल्या अझीझ संजार यांचं काम नेमकं या कापून बसवण्याच्या दुरुस्तीवरचं होतं. ही दुरुस्ती बहुतेक वेळा चोख होते, पण प्रत्येक वेळी होत नाही. जी चूक राहून जाते ती त्या पेशीच्या पुढच्या पिढ्यांत उतरते. पी-५३ नावाचं जनुक, जे बिघडलेल्या पेशीला वाढू देत नाही, त्यातच उन्हाने केलेली खूण सापडते, हे १९९१ मध्ये त्वचेच्या कॅन्सरच्या नमुन्यांवरून दिसून आलं. ही खूण इतकी ठरावीक असते की ती अतिनील किरणांचीच आहे हे ओळखता येतं.

दुरुस्तीची ही सोय नसेल तर काय होतं, तेही आपल्याला ठाऊक आहे. झिरोडर्मा पिगमेंटोसम या जन्मजात आजारात ती नसते, हे जेम्स क्लीव्हर यांनी १९६८ मध्ये दाखवलं. या मुलांपैकी अनेकांना वयाच्या दहा वर्षांच्या आतच त्वचेचा कॅन्सर होतो. आपल्या सगळ्यांच्या बाबतीत हीच गोष्ट फार सावकाश घडते. चूक जमा व्हायला दशकं लागतात. एका चुकीने कॅन्सर होत नाही, एकावर दुसरी, दुसरीवर तिसरी पडावी लागते. म्हणून पंचविशीतलं ऊन पंचाहत्तरीत दिसतं, आणि मधली अठरा वर्षं सावलीत काढली तरी आधीचा हिशेब पुसला जात नाही.

मला सगळ्यात हलवून गेलं ते २०१५ मध्येच प्रसिद्ध झालेलं एक संशोधन. पापण्यांची शस्त्रक्रिया करताना जादा त्वचा कापून टाकतात. ५५ ते ७३ वयाच्या चार माणसांची अशी टाकाऊ त्वचा घेऊन तिच्यातली जनुकं वाचली गेली. त्वचा निरोगी होती. ना डाग, ना गाठ. तरीही तिच्यातल्या साधारण एक चतुर्थांश पेशींमध्ये कॅन्सरच्या दिशेने नेणारे बदल आधीच झालेले होते. म्हणजे समोर बसलेल्या वृद्धाच्या ज्या कपाळाकडे बघून आपण "त्वचा चांगली आहे" म्हणतो, तिथेही साठ वर्षांचं ऊन लिहिलेलं असतं. त्यात वयाबरोबर शरीराची प्रतिकारशक्ती मंदावते, बिघडलेली पेशी हेरून मारणारा पहारा ढिला पडतो, आणि इतकी वर्षं दबून राहिलेली एखादी पेशी वाढायला लागते.

हे काही नवं ज्ञान नाही. पापणीला आणि चेहऱ्याला कुरतडत जाणारा एक व्रण डब्लिनचे नेत्रशल्यविशारद आर्थर जेकब यांनी १८२७ मध्ये नोंदवला. उंदराने कुरतडल्यासारखा दिसतो म्हणून त्याला पुढे तसंच नाव पडलं. आज आपण त्याला बेसल सेल कार्सिनोमा म्हणतो. हॅम्बुर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पॉल गेर्सन उन्ना यांनी १८९४ मध्ये खलाशांच्या उघड्या त्वचेत आधी होणारे बदल आणि नंतर उठणारा कॅन्सर यांचं वर्णन केलं. ऊन, वारा आणि समुद्र अंगावर घेणाऱ्यांची कातडी राठ होते, तिच्यावर खवले धरतात आणि त्यांतूनच पुढे कॅन्सर निघतो, हे त्यांनी नुसत्या डोळ्यांनी ओळखलं होतं. सूर्यकिरणं माणसात कॅन्सर निर्माण करतात, असं कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९२ मध्ये निःसंदिग्धपणे जाहीर केलं.

आणि हा मोठ्या प्रमाणावर कामाचा आजार आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मिळून २०२३ मध्ये दिलेला अंदाज असा: मेलानोमा (त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर) सोडून इतर त्वचाकर्करोगांनी होणाऱ्या मृत्यूंपैकी जवळजवळ एक तृतीयांश मृत्यू उघड्यावर काम केल्यामुळे होतात. २०१९ या एका वर्षात १८३ देशांमध्ये मिळून असे सुमारे १९ हजार जण गेले, त्यांत ६५ टक्के पुरुष. २०००च्या मानाने हा आकडा जवळपास दुप्पट आहे. या माणसांनी समुद्रकिनारी पडून अंग भाजून घेतलेलं नाही. त्यांनी रस्ते बांधले, शेतं नांगरली, जाळी ओढली, विटा रचल्या.

म्हणून माझं पहिलं मागणं. वयस्कर रुग्णाला तुम्ही तंबाखूचं विचारता, दारूचं विचारता, घरात कुणाला मधुमेह होता का ते विचारता. त्याच दमात एवढंही विचारा, "आयुष्यभर काय काम केलंत? उन्हात किती वर्षं?" उत्तर कागदावर लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी जो डॉक्टर बघेल त्याला ते दिसेल. हा प्रश्न वाहनचालकालाही विचारा. अतिनील किरणांचा एक भाग काचेतून आत येतो. २८ वर्षं मालवाहू गाडी चालवणाऱ्या ६९ वर्षांच्या एका माणसाचा फोटो २०१२ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. खिडकीकडचा अर्धा चेहरा सुरकुत्यांनी लोंबलेला आणि दुसरा अर्धा त्यापेक्षा कितीतरी तरुण. माणूस एकच, दिवस तेवढेच, फरक फक्त काच कुठल्या बाजूला होती याचा.

दुसरं मागणं शीर्षकात आहे. टोपी काढायला सांगा. चष्मा काढायला सांगा, ऐकण्याचं यंत्र काढायला सांगा, डोक्याला काही गुंडाळलं असेल तर तेही. मग उजेडात बघा. कानाची वरची कडा, कानामागची घडी, नाकाचा शेंडा आणि नाकपुडीची वळी, डोळ्याचा आतला कोपरा, खालची पापणी, खालचा ओठ, टक्कल, मान, हातांची वरची बाजू. उन्हाचा मार बसतो तो इथेच. हात लावूनही बघा. उन्हाने येणारे केरॅटोसिसचे खवले पुष्कळदा डोळ्यांना दिसत नाहीत पण बोटाला पॉलिश पेपरसारखे लागतात. मी स्वतः आता तसंच करते, हातमोजा काढून एकदा बोट फिरवते. सगळे खवले कॅन्सर होत नाहीत, फार थोडे होतात, आणि ते द्रवरूप नायट्रोजनने गोठवून किंवा मलम लावून घालवता येतात. पण ज्याच्या कपाळावर आणि हातांवर ते भरपूर आहेत, त्या माणसाची त्वचा पुरेसं ऊन खाऊन बसली आहे, एवढं त्यावरून नक्की समजावं.

बेसल सेलचा प्रकार पसरत नाही म्हणून त्याला हलका समजतात. पसरत नाही हे जवळजवळ नेहमीच खरं आहे. पण मोत्यासारखी चकचकीत कड असलेला, मध्ये खड्डा पडलेला तो छोटा दाणा डोळ्याच्या कोपऱ्यात बसला आणि पाच वर्षं तसाच राहिला तर तो आत कुठवर शिरतो, हे मी पट्टी बदलताना पाहिलं आहे. त्याचं वर्णन इथे करत नाही. ज्यांनी पाहिलं आहे त्यांना ते सांगायला नको.

स्क्वॅमसचा खवला जाड, राठ, दुखरा होतो. ओठावरचा आणि कानावरचा विशेष घातक, कारण तिथून तो मानेतल्या ग्रंथींकडे लवकर जातो. माझ्या वडिलांच्या बाबतीत हेच झालं. हा धडा मी पुस्तकातून शिकायला हवा होता.

मेलानोमाबद्दल आपल्या डोक्यात वेडीवाकडी कड, दोन-तीन रंग, वाढत जाणारा तीळ असं चित्र असतं, आणि ते बरोबरच आहे. पण वृद्धांमध्ये आणखी दोन रूपं भेटतात. एक, गालावर किंवा कपाळावर वर्षानुवर्षं सावकाश पसरणारा तपकिरी डाग, जो "वयाचा डाग" म्हणून सोडून दिला जातो. दुसरं, कड व्यवस्थित, रंग एकच, कधी कधी काळाही नाही, नुसती लालसर टणक फुगलेली गाठ, जी काही आठवड्यांत वाढते. ही दुसरी फार लबाड असते, कारण ठरलेल्या खुणांपैकी एकही तिच्यात नसते. अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७०मध्ये दाखवलं की मेलानोमात माणसाचं पुढे काय होणार हे मुख्यतः त्याच्या जाडीवर ठरतं, आणि ती जाडी मिलिमीटरमध्ये मोजली जाते. एक मिलिमीटरच्या आतला आणि चार मिलिमीटरच्या पुढचा, यांत जगणं आणि जाणं एवढा फरक पडू शकतो. वयस्कर पुरुषांमध्ये तो पुष्कळदा पाठीवर किंवा टकलावर असतो, म्हणजे त्यांना स्वतःला कधीच दिसत नाही. जोडीदार गेलेला असेल, नजर अधू झालेली असेल, तर त्यांच्या पाठीकडे बघणारं जगात दुसरं कुणीच नसतं. तुमच्याकडे ते छाती तपासायला सदरा वर करतात. तेवढ्यात दहा सेकंद पाठ बघून घ्या.

आता सावळ्या आणि काळ्या त्वचेबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण "आपल्याला हा आजार होत नाही" हे वाक्य मी रुग्णांकडून ऐकलं आहे आणि दोनदा डॉक्टरांकडूनही ऐकलं आहे. त्वचेला रंग देणारं मेलानिन उन्हापासून पुष्कळ वाचवतं, म्हणून गडद त्वचेत हे कॅन्सर बरेच कमी होतात. पण कमी म्हणजे नाही, असं नव्हे. गडद त्वचेत बेसल सेलचा दाणा बहुधा काळसर असतो, म्हणून तो तीळ किंवा चामखीळ म्हणून निसटतो. स्क्वॅमस पुष्कळदा उन्हाच्या जागी न उठता जुन्या भाजल्याच्या व्रणावर, वर्षानुवर्षं वाहणाऱ्या जखमेवर उठतो. १८२८ मध्ये जाँ-निकोला मार्जोलाँ यांनी अशा व्रणांचं वर्णन केलं आणि त्यांना आजही मार्जोलिनचा व्रण म्हणतात. माझ्या कामात मी ज्या जखमांना "जुनाट" म्हणून शांतपणे पट्टी बांधत आले, त्यांच्यातल्या कितींच्या कडा उचललेल्या, कोबीसारख्या फुगलेल्या होत्या, हे आता आठवून झोप उडते. आणि मेलानोमा गडद त्वचेत बहुधा तळपायावर, तळहातावर, नखाखाली होतो, जिथे उन्हाचा संबंधच नसतो. गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्याला तो १९७७मध्ये सापडला, १९८१ मध्ये ते गेले, वय ३६. म्हणून गडद त्वचेच्या वृद्धाला टोपीबरोबर मोजेही काढायला सांगा. ज्यांच्या त्वचेत जन्मतः रंगच नसतो त्यांना मात्र तरुणपणापासूनच जपावं लागतं. त्यांच्यात धोका फार मोठा आणि फार लवकर येतो.

तुमच्यापैकी काहींच्या मनात एक आक्षेप आला असेल, आणि तो रास्त आहे. लक्षणं नसलेल्या सगळ्यांची त्वचा सरसकट तपासल्याने जीव वाचतात का? अमेरिकेतल्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०२३ मध्ये सांगितलं की तसं म्हणायला पुरेसा पुरावा नाही. जर्मनीने २००८ पासून ३५ वर्षांवरच्यांना दर दोन वर्षांनी ही तपासणी देऊ केली आहे, आणि तिच्या फायद्यावर वाद आहेतच. मी सरसकट तपासणीची मोहीम मागत नाही. निरुपद्रवी डाग कापत बसणं, वृद्धांना विनाकारण घाबरवणं, हेही मी पाहिलं आहे आणि ते मला नको आहे. मी त्या माणसाबद्दल बोलते आहे जो तुमच्यासमोर आधीच बसलेला आहे, ज्याने आयुष्य उन्हात काढलं आहे आणि ज्याच्या कानावर खपली आहे. त्याला लक्षण आहे. फक्त ते टोपीखाली आहे.

दुसरा आक्षेप मी घरच्या लोकांकडून ऐकते, कधी डॉक्टरांच्या चेहऱ्यावरही वाचते: या वयात कशाला कापाकापी? याचं एकच उत्तर नाही. नव्वदीतल्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीवरचा हळू वाढणारा बेसल सेलचा दाणा न काढता नुसता पाहत राहणं हा शहाणपणाचा निर्णय असू शकतो. पण तो निर्णय हवा. तो काय आहे हे कळून, रुग्णाला विचारून घेतलेला. न बघितल्यामुळे आपोआप झालेला नको. आणि ७६ वर्षांचा माणूस चालता-फिरता असेल तर त्याच्यापुढे दहा-पंधरा वर्षं असू शकतात. कानावरची खपली वेळेत कळली असती तर भूल देऊन त्या जागेपुरता तुकडा काढून, चार टाके घालून वडील त्याच दिवशी घरी आले असते. त्याऐवजी सहा आठवडे किरणोपचार, कोरडं पडलेलं तोंड, मानेचा ताठपणा. वयाचा विचार करूनच मी म्हणते की लवकर बघणं हे म्हाताऱ्या शरीरावरची सगळ्यात मोठी दया आहे.

औषधांच्या यादीकडेही त्या नजरेने एकदा बघा. रक्तदाबासाठी वापरलं जाणारं हायड्रोक्लोरोथायझाइड त्वचेला उन्हाला हळवं करतं. दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये मेलानोमा नसलेल्या त्वचाकर्करोगाचा धोका वाढलेला दिसला, म्हणून युरोपातल्या औषध नियंत्रकांनी २०१८ मध्ये डॉक्टरांना सावध केलं. ते घेणाऱ्या रुग्णाने मनाने गोळी बंद करू नये, हे मी इथे मुद्दाम लिहिते, कारण हे पत्र रुग्णही वाचतील. गोळी बदलायची की तीच ठेवून त्वचेवर लक्ष ठेवायचं, हे ठरवणं तुमचं काम. मूत्रपिंड किंवा दुसरा अवयव बसवलेल्यांना, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांना तर स्क्वॅमसचा धोका कित्येक पटींनी जास्त असतो. त्यांची त्वचा ठरावीक काळाने बघायलाच हवी.

"जे व्हायचं ते झालं, आता टोपी घालून काय उपयोग" असं वृद्ध लोक म्हणतात. त्यांना सांगायला तुमच्याकडे भक्कम आधार आहे. ऑस्ट्रेलियातल्या नाम्बूर या गावी १९९२ ते १९९६ या काळात दीड हजारांहून अधिक प्रौढांवर प्रयोग झाला. एका गटाला रोज डोकं, मान, दंड आणि हातांना सनस्क्रीन लावायला सांगितलं, दुसऱ्याला पूर्वीसारखंच मनाप्रमाणे वागू दिलं. रोज लावणाऱ्यांमध्ये स्क्वॅमसच्या गाठी जवळपास ४० टक्क्यांनी कमी झाल्या. बेसल सेलमध्ये मात्र तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, त्याच देशातल्या व्हिक्टोरिया राज्यातल्या चाळिशी उलटलेल्यांवर केलेल्या अभ्यासात एका उन्हाळ्यात सनस्क्रीन लावणाऱ्यांचे खवले कमी झाले आणि साधं मलम लावणाऱ्यांचे वाढले. म्हणजे जुनं ऊन पुसता आलं नाही तरी त्यावर नवं चढवायचं थांबवलं, तर पुष्कळ फरक पडतो. रुंद काठाची टोपी घालायला सांगा, जी कान झाकते. वडिलांची टोपी डोकं झाकत होती, कान नाही.

आता शेवटचं मागणं, आणि माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचं. एकाच जागी दुसऱ्यांदा मलम लिहून देताना थांबा. चार आठवड्यांत न भरलेली, पुन्हा पुन्हा खपली धरणारी, हात न लावता रक्त येणारी जखम जर उन्हाच्या जागी असेल, तर तिसरं मलम लिहू नका, तुकडा तपासायला पाठवा. ती सोय तुमच्याकडे नसेल तर जिथे आहे तिथे पाठवा, आणि चिठ्ठीत जखम किती आठवडे आहे ते लिहा. नुसतं "कानावर खपली" असं लिहिलेल्या माणसाला महिनाभरानंतरची तारीख मिळते. पहिल्याच वेळी शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा आणि तारीख घाला. पुढच्या वेळी जखम तेवढीच आहे की वाढली आहे, यावर मग वाद घालावा लागत नाही. आणि आम्हा परिचारिकांना विचारा. रुग्ण आमच्याशी बोलतात, आम्ही त्यांचे कपडे बदलतो, त्यांची पाठ पुसतो. "हे कधीपासून आहे?" असं तुम्ही आम्हाला विचारायला लागलात तर आम्हीही जास्त नीट बघू. मी बघितलं असतं.

पुढच्या महिन्यात वडिलांची तपासणी आहे. हल्ली त्यांना काही सांगावं लागत नाही, खुर्चीत बसायच्या आधीच ते टोपी काढून डोकं पुढे करतात, मग उरलेला कान, मग हात. डॉक्टरही आता आधी ते बघतात आणि मग रक्तदाबाचा पट्टा बांधतात. पण बाहेर बाकावर त्यांच्या शेजारी जे बसलेले असतात, साठीचे, सत्तरीचे, उन्हाने काळवंडलेल्या मानांचे, त्यांच्या टोप्या डोक्यावरच असतात. ते आत आले की त्यांना त्या काढायला सांगा.

आपली,
एक परिचारिका